संगणकात वसवलेलं खोरं

अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या ईशान्येला लाँग हाउस व्हॅली नावाचं सुमारे ९६ चौरस किलोमीटरचं खोरं आहे. आजच्या पुएब्लो आदिवासींचे पूर्वज इथे शतकानुशतकं मका पिकवत होते. १३०० च्या सुमारास ते सगळेच निघून गेले. ते का गेले, हे तपासण्यासाठी संशोधक रॉबर्ट अ‍ॅक्सटेल, जोशुआ एप्स्टाइन, पुरातत्त्वज्ञ जेफ्री डीन आणि सहकाऱ्यांनी ते खोरं संगणकात पुन्हा वसवलं.

जमिनीचे एकेक हेक्टरचे तुकडे पाडले. कुठल्या वर्षी पावसाने दगा दिला, ते झाडांच्या खोडातल्या वलयांवरून कळतं. त्याच्या आधारे इ.स. ८०० ते १३५० पर्यंत प्रत्येक तुकड्यात दरसाल किती मका आला असता, याचा हिशेब मांडला. मग त्यात कुटुंबं सोडली. घरात पाच माणसं, माणशी वर्षाला १६० किलो मका, म्हणजे घराला ८०० किलो. उरलेला मका कणगीत, पण तोही दोनच वर्षं टिकणारा. पुढच्या साली भागणार नाही असं दिसलं, की कुटुंब दुसरं मोकळं शेत शोधतं आणि पाण्याच्या आसपास घर हलवतं. शेत मिळालंच नाही, तर खोरं सोडतं.

२००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पडद्यावरची लोकसंख्या बरीचशी पुरातत्त्वीय पुराव्यासारखीच चढली आणि कोसळली. अर्थात या जुळण्याचं बरंचसं श्रेय जमीन किती माणसं पोसू शकते या आकड्यांचंच आहे, हे संशोधक मार्को यानसेन यांनी २००९ मध्ये दाखवून दिलं. मला मोलाचं वाटतं ते न जुळलेलं टोक. १३०० नंतरही पडद्यावर काही घरं तग धरून राहतात, प्रत्यक्षात एकही राहिलं नाही. म्हणजे ज्यांचं पोट तिथे भरलं असतं, तेही उठून गेले. नातीगोती, देवधर्म, शेजार यांची ओढ त्या हिशेबात नव्हती.

पडद्यावरच्या त्या कुटुंबांना एकमेकांना मका देणंही ठाऊक नव्हतं. मका वाटून घेतला तर काय होईल, हा प्रश्न पुरातत्त्वज्ञ मिशेल हेगमन यांनी १९८९ मध्येच होपी या पुएब्लो समाजातल्या शेतकऱ्यांच्या शेतीवर बेतलेल्या संगणकी प्रयोगात विचारला होता. त्यांनी तीन रीती ताडून पाहिल्या: ज्याचं त्याने खावं; सगळं एकत्र करून सारखं वाटावं; किंवा आधी घरचं भागवावं आणि उरलेलं अडलेल्याला द्यावं. सर्वाधिक घरं तगली ती तिसऱ्या रीतीने. सगळं एकत्र केलं की वाईट साली प्रत्येकाचाच वाटा अपुरा पडतो आणि सगळी घरं एकदमच बुडतात.