अलाइनमेंटचें आगाऊ पॅकेज : घ्यावें कीं न घ्यावें?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गांवांत मोटार ही आतां केवळ धनिकाच्या दारांतली वस्तु राहिलेली नाहीं. पेन्शनीवर राहणारा शिक्षक, बँकेंतील कारकून, कचेरींत नोकरी करणारी सून, अशा मध्यम स्थितींतील कुटुंबांच्या इमारतीखालींही एक लहानशी मोटार उभी असते. मोटारीपाठोपाठ पेट्रोल, विमा, सर्व्हिस हे खर्च येतात, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु टायर बदलावयास दुकानांत गेलें असतां एक निराळाच प्रश्न गृहस्थापुढें येतो. तेथील मनुष्य छापील पत्रक हातीं देऊन विचारतो, "साहेब, अलाइनमेंटचें पॅकेज घेतां का? आत्तां पैसे भरा, दोन वर्षें काळजी नको." रक्कम फार मोठी नसते. म्हणून कोणी ती विचार न करतां देतो, आणि कोणी दुकानदारावर विश्वास नाहीं म्हणून विचार न करतां नाकारतो. दोन्ही पक्षीं विचार तेवढा राहून जातो. तो कसा करावा, हें सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम अलाइनमेंट म्हणजे काय तें पाहूं. मोटारीचीं चाकें आपणांस सरळ उभीं दिसतात. परंतु तीं कोणत्या कोनांत बसवावयाचीं हें कारखान्यानें ठरविलेलें असतें. वरून पाहिलें असतां चाकांचीं तोंडें किंचित् आंत अथवा बाहेर वळलेलीं असतात, त्यास 'टो' म्हणतात. समोरून पाहिलें असतां चाकाचा माथा आंत किंवा बाहेर झुकलेला असतो, तो 'कॅम्बर'. आणि ज्या अक्षाभोवतीं पुढील चाक वळतें, तो अक्ष बाजूनें पाहतां कलता असतो, तो 'कॅस्टर'. चाक खड्ड्यांत जोरानें आदळलें, फुटपाथच्या कडेवर चढलें, किंवा सांधे झिजले म्हणजे हे कोन बिघडतात. ते पुन्हां ठरलेल्या मापांवर आणणें हीच अलाइनमेंट. बहुतेक लहान मोटारींत पुढील चाकांचा टो एवढाच सहज जुळवितां येतो. बॅलन्सिंग हें याहून निराळें काम. त्यांत चाकाच्या कडेस लहान वजनें लावून त्याचा तोल साधतात. ठराविक वेगास स्टिअरिंग थरथरूं लागलें तर बहुधा तोल बिघडलेला असतो. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वांकडें धरावें लागलें तर अलाइनमेंट.

या बिघाडाची किंमत किती, हें शाळेंतील भूमितीनेंच समजतें. चाक आपल्या योग्य दिशेपासून एक अंश वळलेलें असेल, तर मोटार एक किलोमीटर जाईपर्यंत तें सुमारें १७ मीटर आडवें घासलें जातें. एक अंश ही चूक फार मोठी झाली. अंशाचा दहावा भाग धरला, तरी ५,००० किलोमीटरांच्या प्रवासांत ही आडवी घसट पावणेनऊ किलोमीटरांच्या आसपास भरते. म्हणूनच टायरची एक कड गुळगुळीत होते आणि दुसरी नवी दिसते. टायरच्या खांचांत झीज दाखविणारे उंचवटे असतात. मोटारीच्या टायरांत ते १.६ मिलिमीटरांवर ठेवलेले असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीस आलें कीं टायर बदलावा लागतो, मग दुसरी कड कितीही चांगली असो. गुळगुळीत टायर पावसाचें पाणी बाजूस सारूं शकत नाहीं व मोटार घसरते. तेव्हां हा केवळ पैशांचाच प्रश्न नव्हे. यासाठीं अलाइनमेंट साधारणतः दर ५,००० ते १०,००० किलोमीटरांस, आणि चाकास मोठा दणका बसल्यास लगेच, तपासून घेण्याचा प्रघात आहे.

दुकानदाराचें म्हणणें येथपर्यंत खरें आहे. यापुढें तो जें अनुमान करतो, तें मात्र तपासलें पाहिजे. तो म्हणतो, "अलाइनमेंट आवश्यक आहे, म्हणून पॅकेज आवश्यक आहे." न्यायशास्त्राचे पहिले धडे घेतलेल्यास यांतील दोष चटकन् कळेल. घट निर्माण होण्यास माती, कुंभार, चाक आणि दंड हीं कारणें होत. ज्या गाढवाच्या पाठीवरून माती आली, तें गाढव घटाचें कारण नव्हे. माती दुसऱ्या वाटेनेंही आली असती. शास्त्रकार अशा गोष्टीस 'अन्यथासिद्ध' म्हणतात. टायर टिकण्याचें कारण वेळच्या वेळीं केलेली अलाइनमेंट हें आहे. पैसे आधीं भरले कीं काम झाल्यावर भरले, याची टायरास वार्ताही नसते. पॅकेज हें त्या गाढवाच्या जागीं आहे. तेव्हां प्रश्न दोन आहेत. अलाइनमेंट करावी काय? अवश्य करावी. तिचे पैसे आगाऊ भरावे काय? याचें उत्तर घरच्या हिशेबांत सांपडेल.

हिशेबासाठीं एक उदाहरण घेऊं. आंकडे कल्पित आहेत. वाचकांनीं आपल्या दुकानाचे भाव त्यांच्या जागीं घालावे. समजा, एका वेळच्या अलाइनमेंटला ४०० रुपये पडतात आणि दोन वर्षांत पांच वेळां करून देण्याचें पॅकेज १,५०० रुपयांस आहे. पांच खेपांचे सुटे पैसे २,००० होतात, म्हणून पत्रकावर ५०० रुपयांची बचत ठळक अक्षरांत दाखविलेली असते. पण ही बचत पांचही खेपा झाल्या तरच. तीन झाल्या तर सुटे १,२०० रुपयेच लागले असते, म्हणजे ३०० रुपयांचें नुकसान; दोनच झाल्या तर ७०० रुपयांचें. चौथी खेप झाली म्हणजे कोठें १०० रुपये पदरांत पडतात.

आतां आपल्याकडील मोटारी किती चालतात तें पाहा. कल्याणापासून पळसदरीपर्यंतचा लोहमार्ग १८५६ सालीं सुरू झाला, आणि या तिन्ही गांवांचा नोकरदारवर्ग आजही त्याच लोहमार्गावर अवलंबून आहे. बदलापूरहून मुंबई सुमारें ६८ किलोमीटर. तेवढी वाट बहुतेक लोक लोकलनें कंठतात. मोटार आठवडाभर इमारतीखालीं उभी राहते. रविवारीं ती उल्हासनगरच्या बाजारांत, अंबरनाथच्या शिवमंदिरास किंवा बारवी धरणाच्या बाजूस जाते. मे महिन्यांत एकदां गांवीं जाते. अशी मोटार महिन्यास ३०० किलोमीटर चालली, तर दोन वर्षांत ७,२०० किलोमीटर होतात. ५,००० किलोमीटरांचा कडक नियम पाळला तरी एकच खेप भरते. खड्ड्यांपायीं आणखी दोन धरल्या, तरी तीनच. याउलट जो रोज मोटारीनेंच ठाण्यास अथवा नवी मुंबईस जातो, त्याचे येऊन-जाऊन ७० किलोमीटर आणि महिन्याचे २५ दिवस धरले, तर दोन वर्षांत ४२,००० किलोमीटर होतात. त्याच्या पांचही खेपा सहज भरतील. एकाच इमारतींतील दोन शेजाऱ्यांपैकीं एकास जें पॅकेज लाभाचें, तेंच दुसऱ्यास तोट्याचें होतें, तें असें.

कमी चालणाऱ्या मोटारीविषयीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. टायर चालून झिजतो, तसा न चालतांही म्हातारा होतो. रबर कडक होऊन त्यास बारीक चिरा पडतात. टायरच्या बाजूवर त्याची जन्मतिथि चार अंकांत कोरलेली असते. पहिले दोन अंक आठवड्याचे व पुढील दोन वर्षाचे. २३२३ असें असेल तर तो २०२३ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला. उभ्या मोटारीचे टायर पुष्कळदां झिजण्यापूर्वींच वयानें बाद होतात. त्यांस वारंवार केलेल्या अलाइनमेंटनें तारुण्य येत नाहीं.

दुसरा विचार व्यवहाराचा. दुकानांत 'आज रोख, उद्यां उधार' अशी पाटी आपण पाहतों. आगाऊ पॅकेजांत ही पाटी उलटी होते; येथें उधार देणारे आपण आणि घेणारा दुकानदार. उधारी बुडाली तर ज्याची बुडेल त्यानेंच सोसावयाची. शिवाय निवड हातची जाते. निर्वासितांच्या छावणीस १९४९ सालीं उल्हासनगर हें नांव मिळालें. तेव्हांपासून तेथील बाजार घासाघिशीसाठीं प्रसिद्ध आहे. या पट्ट्यांत एका दुकानांत काम बरें झालें नाहीं, तर दुसरें दुकान दूर नसतें. सुटे पैसे देणारा गिऱ्हाईक नाराज झाला तर पुढच्या खेपेस येणार नाहीं, हें भय कारागिराचा हात जपून चालवितें. पैसे आधींच गल्ल्यांत पडले म्हणजे तें भय उरत नाहीं. उलट, प्रत्येक खेपेस "हा सांधा गेला, तें बुश बदला" असें सांगण्याची एक संधि मात्र मिळते. झिजलेल्या सांध्यावर केलेली अलाइनमेंट टिकत नाहीं हें खरें. पण सांधा झिजलाच आहे काय, हें डोळ्यांनीं पाहिल्याशिवाय होकार देऊं नये.

पॅकेजाच्या बाजूनेंही बोललें पाहिजे. पैसे भरलेले असले म्हणजे आळशी मनुष्यही आठवणीनें जातो, आणि गेल्यानें टायर वांचतात. ज्याची मोटार वर्षास १५-२० हजार किलोमीटर चालते, दुकान ज्याच्या नित्याच्या वाटेवर आहे, आणि तेथील काम ज्यानें दोन-तीनदां पैसे देऊन पारखलें आहे, त्यानें पॅकेज खुशाल घ्यावें. त्यानेंही शब्दांचा अर्थ आधीं विचारावा. अमेरिकेंत फायरस्टोनच्या दुकानांत 'आजीवन' अलाइनमेंट विकत मिळते. तेथें आजीवन म्हणजे ती मोटार त्या मालकाकडे असेपर्यंत. मोटार विकली कीं आयुष्य संपलें. आपल्याकडेही विचारावें : मुदत किती? मोटार विकल्यास उरलेल्या खेपा कोणाच्या? कोणकोणत्या शाखांत चालेल? बॅलन्सिंग व त्याचीं वजनें यांत धरलीं आहेत काय? दुकान बंद झालें तर पैसे परत मिळतील काय? कंपनीच्या सर्व्हिसमध्यें हेंच काम आधींच अंतर्भूत आहे काय? उत्तरें पावतीवर लिहून घ्यावीं. संगणकाच्या यंत्रावर काम होतें तेथें आधींच्या व नंतरच्या कोनांचा छापील तक्ता निघतो. तो प्रत्येक खेपेस मागून मोटारीच्या कागदांत ठेवावा.

पैसे घेऊन काम नाकारलें, तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आपल्या पाठीशीं आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. हीं तिन्ही गांवें ठाणे जिल्ह्यांत येतात, म्हणून जिल्हा आयोगाकडे तक्रार करतां येते, आणि दिलेली किंमत पांच लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीस फी पडत नाहीं. मात्र पावती नसेल तर कायदाही मुका होतो.

दुकानांत जाण्यापूर्वीं दोन गोष्टी घरींच पाहाव्या. मोटार एका बाजूस ओढत असेल, तर चारही टायरांतील हवा ते थंड असतां मोजावी. एका बाजूस हवा कमी असली तरी ती ओढते. आपले रस्ते पाणी वाहून जावें म्हणून कडेस उतरते असतात, आणि आपण डावीकडून चालतों. त्यामुळें डावीकडे किंचित् कल दिसला तर तो नेहमींच चाकांचा दोष नसतो.

शेवटीं निर्णयाची कसोटी सोपी आहे. पॅकेजाच्या किंमतीस एका खेपेच्या भावानें भागावें. जो आंकडा येईल, त्याहून अधिक वेळां आपण गेल्या दोन वर्षांत अलाइनमेंटला गेलों होतों काय, हें जमाखर्चाच्या वहींत पाहावें. पुढें किती जाऊं, हा आंकडा धरूं नये. मनुष्य स्वतःविषयीं भविष्य फार उदारपणें वर्ततो. वहीनें होय म्हटलें तर घ्यावें. नाहीं म्हटलें, तर तेवढेच पैसे टायरांच्या नांवानें घरांत निराळे ठेवावे, आणि पावसाळा संपला म्हणजे, दसऱ्यास मोटारीला झेंडूची माळ घालण्यापूर्वीं, एकदां तिचीं चाकें तपासून आणावीं. बहुतेक घरांस वर्षाकांठीं तेवढें पुरे होतें.