कागद वस्तीच्या भिंतीवर लावा!

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निवडणूक रोखे योजना घटनाबाह्य ठरविली. राजकीय पक्षांना पैसा कोठून येतो हे जाणून घेण्याचा मतदाराला अधिकार आहे, असा निर्वाळा न्यायालयाने एकमताने दिला. त्या पाच जणांत न्या. भूषण गवई होते. त्यांचे वडील दादासाहेब गवई यांचा जन्म दर्यापूर तालुक्यातील दारापूरचा. पुढे १४ मे २०२५ रोजी न्या. गवई देशाचे सरन्यायाधीश झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निवृत्त झाले. या गोष्टीचा अभिमान आपणा सर्वांना आहे आणि तो असलाच पाहिजे.

पण एक प्रश्न विचारावासा वाटतो. दिल्लीत कोणत्या कंपनीने कोणत्या पक्षाला किती कोटी दिले हे जाणण्याचा हक्क मतदाराला मिळाला. आपल्या दर्यापूर तालुक्यातील बौद्ध वस्तीत राहणाऱ्या मजूर बाईला तिच्या दारासमोरच्या नालीवर किती पैसा मंजूर झाला, हे मात्र कोणी सांगते काय?

वस्तीच्या नावाने पैसा येतो, हे खरे आहे. पूर्वीची दलित वस्ती सुधार योजना आज ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास’ या नावाने चालते. पाच वर्षांचा बृहत आराखडा तयार होतो, लोकसंख्येप्रमाणे वस्तीला रक्कम ठरते आणि जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडून, पंचायत समितीमार्फत कामे होतात. याशिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के आणि जिल्हा परिषदेने २० टक्के रक्कम मागासवर्गीयांवर खर्च करावी, असा नियम आहे. म्हणजे हक्क कागदावर आहे. पण तो कागद कोणाच्या कपाटात आहे? कुलूप कोणाचे आणि किल्ली कोणाची?

यावर ठरलेले उत्तर मिळते. माहितीचा अधिकार आहे ना, अर्ज करा! महाराष्ट्राने २००२ चाच कायदा केला होता, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा देशभर लागू झाला. दहा रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखालील माणसाला तोही माफ. तीस दिवसांत माहिती, न दिल्यास दिवसाला २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५ हजार रुपये दंड. माहिती कशासाठी हवी, हे विचारण्याचाही अधिकार कार्यालयाला नाही. कायदा चांगलाच आहे. राजस्थानातील मजूर-शेतकऱ्यांनी १९९४ पासून जनसुनवाया घेऊन, १९९६ मध्ये ब्यावरला धरणे धरून या कायद्याची वाट तयार केली. तो कोणी मेहरबानी म्हणून दिलेला नाही.

मग अडते कोठे? अडते ते गावात. मुंबईत अर्ज करणारा माणूस गर्दीत हरवून जातो. गावात दुपारी अर्ज दिला की संध्याकाळपर्यंत अर्जदाराचे नाव पारावर पोहोचते. ज्याच्या कामाची चौकशी करायची, त्याच्याच शेतात कपाशी वेचायला जायचे असते. घरकुलाच्या यादीत नाव घालायचे तर सही त्यांचीच. अशा माणसाला ‘तू विचार’ म्हणणे सोपे आहे; त्याची मजुरी बंद झाली तर चूल कोण पेटवणार? जानेवारी २०१० मध्ये तळेगाव दाभाडे येथे सतीश शेट्टी या माहिती अधिकार कार्यकर्त्याचा भररस्त्यात खून झाला. शहराजवळच्या जाणत्या माणसाची ही गत, तर एकाकी वस्तीतल्या मजुराने काय करावे?

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत गावगाड्याचे गोडवे गाणाऱ्यांना सुनावले होते. गाव हा त्यांना अज्ञान आणि संकुचितपणाचा अड्डा वाटत होता. ग्रामसभेच्या भरवशावर सारी पारदर्शकता सोडून देणाऱ्यांनी हे विसरू नये. ग्रामसभेत सर्वांना हात वर करता येतो. पण तो हात दुसऱ्या दिवशी कामाला लागणार आहे की नाही, हे समोर खुर्चीत बसलेला ठरवतो.

म्हणून आमचे म्हणणे असे की, माहिती मागावीच लागू नये! विचारण्याचे ओझे सर्वांत दुबळ्या माणसाच्या खांद्यावर ठेवणे हीच मुळात अन्यायाची गोष्ट आहे. आणि ही काही आमची भावनिक मागणी नाही. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ हेच सांगते. शासकीय कार्यालयांनी आपण होऊन इतकी माहिती प्रसिद्ध करावी की लोकांना अर्ज करण्याची गरज कमीत कमी पडावी. ती स्थानिक भाषेत आणि तिथल्या लोकांपर्यंत पोहोचेल अशा मार्गाने द्यावी. या कायद्याचे सर्वांत मोठे कलम हेच आणि सर्वांत जास्त धूळ खात पडलेले कलमही हेच.

आपण होऊन माहिती दिल्याने काय होते, हे आफ्रिकेतील युगांडा देशात दिसले. १९९१ ते १९९५ या काळात सरकारने शाळांसाठी पाठविलेल्या अनुदानापैकी सरासरी १३ टक्केच शाळांपर्यंत पोहोचत होते. बाकीचे मधल्या कचेऱ्यांत जिरत होते. मग सरकारने कोणत्या जिल्ह्याला किती रक्कम पाठविली ते वर्तमानपत्रात छापले, शाळांच्या भिंतींवर लावायला लावले. २००१ पर्यंत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेले. इतर सुधारणाही झाल्या होत्या, हे खरे. पण भिंतीवरच्या आकड्याने चोरी अवघड केली. आपल्याकडे राजस्थानने २०१९ मध्ये जनसूचना पोर्टल सुरू करून अर्जाशिवाय गावनिहाय माहिती खुली केली. मग फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्राला वस्तीच्या भिंतीचे वावडे का?

उलट दारे बंद होत आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांचा कार्यकाळ आणि वेतन ठरविण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केला आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो लागू झाला. आता ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ एवढे म्हणून लाभार्थ्यांची यादी नाकारण्याचा मोह कार्यालयांना होईल. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची तरतूद कलम ८(२) मध्ये अजून शाबूत आहे, हे अर्जदारांनी ध्यानात ठेवावे.

वरच्या पातळीवरही हाच प्रकार आहे. २०२५ च्या मे महिन्यात सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटींहून अधिक रुपये लाडकी बहीण योजनेसाठी वळविल्याचे उघड झाले, तेव्हा खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. अमरावती जिल्हा परिषदेची मुदत २०२२ मध्ये संपल्यावर वर्षानुवर्षे निवडणूक झाली नाही. प्रशासकाच्या हाती कारभार गेला. प्रश्न विचारायला सदस्यच नाही, अशा वेळी कागदाचे मोल अधिकच वाढते.

तेव्हा मागणी साधी आहे. वस्तीच्या प्रत्येक कामाचे पाच कागद वस्तीतच, समाजमंदिराच्या किंवा बुद्धविहाराच्या भिंतीवर मराठीत लावावेत. आराखड्यातील कामाचा क्रम, मंजुरी आणि अंदाजपत्रक, ठेकेदाराच्या नावासह कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची नक्कल व बिल, आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला. नाली किती मीटर मंजूर होती आणि किती मीटर झाली, हे वस्तीतले दहावीचे पोर टेप घेऊन मोजेल. त्यासाठी अभियंता लागत नाही.

हे होईपर्यंत काय करायचे? एकट्याने अर्ज करू नये. एकाच कामाबद्दल दहा जणांनी दहा अर्ज टाकावेत, म्हणजे राग कोणा एकावर निघणार नाही. त्याहून चांगले म्हणजे नोकरीनिमित्त अमरावती, नागपूर, पुण्याला गेलेल्या मुलांनी टपालाने अर्ज करावा. भारताच्या कोणत्याही नागरिकाला तो अधिकार आहे, आणि त्यांची चूल गावातल्या मजुरीवर पेटत नाही. समाजाचे ऋण फेडण्याची भाषणे आपण १४ एप्रिलला पुष्कळ ऐकतो. दहा रुपयांचा अर्ज ही त्या ऋणाची अगदी छोटी किस्त आहे.

आणि शेवटी एक गोष्ट आपल्याच माणसांसाठी. जयंती मंडळाने, विहार समितीने वर्गणी आणि खर्चाचा हिशेब त्याच भिंतीवर आधी लावावा. आपला हिशेब झाकून दुसऱ्याचा मागता येत नाही. ज्या दिवशी आपल्या वर्गणीचा कागद तेथे लागेल, त्या दिवशी त्याच्या शेजारी नालीचा कागद का नाही, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याला विचारण्याचे बळ वस्तीला आपोआप येईल. येत्या ग्रामसभेपूर्वी एवढे तरी करू या.