अनामत : उत्पन्न नव्हे, देणे

लिव्ह अँड लायसन्स करारापोटी घेतलेली अनामत ताळेबंदात देण्यांच्या बाजूस बसते. व्यापारी घराण्यांना हे सांगावे लागू नये. तरी घर रिकामे होताच रंगरंगोटीचा सारा खर्च भाडेकरूच्या माथी मारला जातो. ५ वर्षांत फिकटलेला रंग ही वापराची झीज, ती मालकाने सोसावी. फुटलेले बेसिन, थकलेले वीजबिल मात्र पावती दाखवून वजा करणे रास्त. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ अन्वये करार लेखी व नोंदणीकृत नसल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. तोंडी ठरलेली कपात तेथे टिकत नाही. अखेरचे वीजबिल यायचे असेल, तर तेवढी रक्कम राखून बाकीची चावी घेतानाच बँकेमार्फत परत करावी.