बलाढ्य मित्राचे संरक्षण आणि लहान राष्ट्रांची सुरक्षितता : वसईच्या तहाच्या संदर्भात

राष्ट्राच्या अस्तित्वाची पहिली अट म्हणजे सुरक्षितता होय. पुरेसे सैन्य व साधनसामग्री नसलेल्या राष्ट्रापुढे बलाढ्य राष्ट्राशी संरक्षणाचा करार करणे हा एक मार्ग असतो. या मार्गात दोन धोके संभवतात. संकटसमयी मित्र धावून येत नाही, हा पहिला. दुसऱ्याची चर्चा त्यामानाने कमी होते : मित्र येतो, परंतु परत जात नाही. या दोन्ही धोक्यांची उदाहरणे महाराष्ट्राच्या इतिहासात अवघ्या सात वर्षांच्या अंतराने आढळतात. त्यांपैकी दुसरे वसई येथे घडले. बदलापूर व उल्हासनगरजवळून वाहणारी उल्हास नदी याच वसईच्या खाडीतून समुद्रास मिळते.

खर्ड्याची लढाई

हैदराबादचा निजाम अली हा १७९० पासून टिपूविरुद्ध इंग्रजांचा व मराठ्यांचा भागीदार होता. इंग्रजांच्या दोन पलटणी त्याच्या पदरी होत्या. मराठ्यांनी चौथाईच्या थकबाकीसाठी त्याच्यावर स्वारी केली, तेव्हा मराठेही आपले मित्रच असल्याने गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर यांनी तटस्थ राहणे पसंत केले. मराठ्यांविरुद्ध या पलटणी वापरण्याची मुभा निजामाला मिळाली नाही. ११ मार्च १७९५ रोजी खर्डा येथे त्याचा पराभव झाला. पुढे १७९८ मध्ये त्याने तैनाती फौज स्वीकारली आणि १८०० मध्ये तिच्या खर्चासाठी मोठा प्रदेश कंपनीला दिला. त्याचे घराणे १९४८ पर्यंत टिकले, हे खरे. मात्र परराष्ट्र व्यवहाराचा अधिकार त्याच्याकडे उरला नाही.

वसईचा तह

मराठी सत्तेला 'लहान राष्ट्र' म्हणणे वरवर विचित्र वाटेल. परंतु २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केल्यानंतर दुसरा बाजीराव हा राजधानी गमावलेला राज्यकर्ता होता. कोकणच्या किनाऱ्याने तो इंग्रजांच्या आश्रयास वसईला आला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी तेथे तह झाला.

तहाची कलमे बारकाईने पाहण्यासारखी आहेत. किमान सहा हजार पायदळ व त्यासोबत तोफखाना कायम पेशव्यांच्या मुलखात राहील. त्याच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा प्रदेश कंपनीला मिळेल. इंग्रजांच्या शत्रुराष्ट्रांतील युरोपीय लोकांना पेशवे चाकरीस ठेवणार नाहीत. निजाम व गायकवाड यांच्याशी असलेल्या वादांत कंपनी लवाद असेल. आणि अन्य सत्तांशी युद्ध वा वाटाघाटी कंपनीला विचारल्याखेरीज होणार नाहीत. संरक्षण मिळाले, यात शंका नाही. १३ मे १८०३ रोजी बाजीराव पुन्हा पुण्यात गादीवर बसला. मदत मिळाली नाही, अशी तक्रार त्याला करता आली नसती. मात्र कोणाशी युद्ध करावे व कोणाशी सख्य ठेवावे हे ठरविण्याचा अधिकारच त्याने मोबदल्यात दिला होता.

शिंदे व नागपूरकर भोसले यांना हा तह मान्य नव्हता. ऑगस्ट १८०३ मध्ये युद्ध सुरू झाले. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली आणि ३० डिसेंबर १८०३ रोजी, म्हणजे तहाला वर्ष होण्यास एक दिवस उरला असताना, शिंद्यांना सुर्जी-अंजनगावचा तह स्वीकारावा लागला. पेशव्याला मिळालेल्या संरक्षणाची किंमत अशा रीतीने त्याच्या सरदारांनीही मोजली.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकी येथे पेशव्यांची फौज इंग्रजांवर चालून गेली. त्या दिवशी पेशव्यांच्याच खर्चाने उभारलेली, परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फोर्डची पलटण दापोडीहून येऊन इंग्रजांच्या बाजूने लढली. जून १८१८ मध्ये बाजीराव शरण गेला आणि वार्षिक आठ लाखांच्या तनख्यावर बिठूरला गेला.

पोर्तुगालचा अनुभव

वसई १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. बलाढ्य मित्रावर विसंबण्याचा त्यांचा इतिहास याहून जुना आहे. १६६१ च्या विवाह-करारात त्यांनी मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला दिले, ते डचांपासून आपल्या पूर्वेकडील ठाण्यांचे रक्षण व्हावे या अपेक्षेने. तरीही १६६३ मध्ये डचांनी कोची घेतले. तीन शतकांनी, १९६१ मध्ये, गोव्याच्या बाबतीत हेच घडले. गोवामुक्तीची न्याय्यता हा येथे वादाचा विषय नाही. प्रश्न लिस्बनच्या अपेक्षेचा आहे. पोर्तुगाल १९४९ पासून नाटोचा संस्थापक सदस्य होता, परंतु त्या कराराच्या सहाव्या कलमाने संरक्षणाची व्याप्ती मुख्यतः उत्तर अटलांटिक परिसरापुरती ठेवली होती. मित्रराष्ट्रांनी सुरक्षा परिषदेत ठराव मांडला, तो सोव्हिएत नकाराधिकाराने फेटाळला गेला. मदतीस कोणतेही जहाज आले नाही. १९ डिसेंबरला गोव्यातील पोर्तुगीज सैन्य शरण आले.

कराराची शब्दरचना

नाटोच्या बहुचर्चित पाचव्या कलमातही प्रत्येक सदस्याने 'आवश्यक वाटेल ती' कृती करावयाची आहे. ती सैनिकीच असावी असे बंधन नाही. १९९४ च्या बुडापेस्ट निवेदनात युक्रेनला अण्वस्त्रे सोडण्याच्या बदल्यात आश्वासने मिळाली, पण त्यांत मित्राने युद्धात उतरण्याचे बंधन नव्हते. २०१४ व २०२२ मध्ये त्याचा परिणाम दिसला. युक्रेनला शस्त्रे व पैसा मिळाला; लढावे त्यालाच लागले. याउलट फिनलंडने अनेक दशके सक्तीची लष्करी सेवा टिकवून ठेवली आणि २०२३ मध्ये नाटोत प्रवेश केला. स्वतःचे सैन्य असलेल्या भागीदाराला मित्र सोडून गेला तरी वेळ काढता येतो, आणि मित्राने अटी लादल्या तर नकारही देता येतो. बाजीरावाजवळ १८०२ मध्ये नेमके हेच नव्हते.

भारताची भूमिका

१९ नोव्हेंबर १९६२ रोजी पंडित नेहरूंनी अमेरिकेकडे विमानदलाच्या तुकड्यांची मागणी केली. १९६५ च्या युद्धात त्याच अमेरिकेने भारत व पाकिस्तान या दोघांचाही शस्त्रपुरवठा थांबविला. पाकिस्तान सिएटो व सेंटो या करारांत सामील असूनही त्याला झळ अधिक बसली, कारण त्याची शस्त्रे बहुतांशी अमेरिकन होती. अंबरनाथचे शस्त्रास्त्र कारखाने, ज्यांची २०२१ मध्ये सरकारी कंपन्यांत पुनर्रचना झाली, या अनुभवाच्या प्रकाशात पाहिले पाहिजेत. मित्राने पुरवठा थांबविला तरी चालू राहणारे यंत्र हे त्यांचे खरे प्रयोजन आहे.

आज शेजाऱ्यांच्या दृष्टीने भारत स्वतःच बलाढ्य मित्र आहे. १९८८ मध्ये मालदीवमधील उठाव भारतीय सैन्याने मोडून काढला. २०२४ मध्ये त्याच देशाने तेथील भारतीय सैनिकी कर्मचारी परत पाठविले. भूतानबरोबरच्या १९४९ च्या करारात परराष्ट्र व्यवहारात भारताच्या सल्ल्याने चालण्याचे कलम होते. २००७ मध्ये ते वगळण्यात आले.