घरच्या रेट्रो कन्सोलला वायफाय कसे जोडाल, गेम कसे टाकाल?

कळमनुरी : कॅसेट घालून ‘मारिओ’ खेळलेली पिढी आता रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर ‘रेट्रोपाय’ टाकून घरीच कन्सोल बनवते. अडचण येते ती गेम टाकताना. कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावी घरात ब्रॉडबँड नसले, तरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे काम होते.

वायफाय कसे जोडाल?
२०१६ मध्ये आलेल्या ‘पाय ३ बी’मध्ये वायफाय आहे. आधी ‘रास्पी-कॉन्फिग’मध्ये वायफायचा देश भारत निवडा. मग रेट्रोपाय मेनूतील ‘वायफाय’मध्ये नेटवर्क निवडून पासवर्ड टाका. हॉटस्पॉट दिसत नसेल, तर फोनमध्ये २.४ गिगाहर्ट्झ बँड निवडा. हे मॉडेल ५ गिगाहर्ट्झ पकडत नाही.

गेम कसे टाकाल?
लॅपटॉप त्याच हॉटस्पॉटला जोडा. नेटवर्कमध्ये ‘रेट्रोपाय’ उघडा. ‘रोम्स’मध्ये ज्या कन्सोलचा गेम, त्याच्याच फोल्डरमध्ये फाइल टाका. फाइल घरातल्या घरात जाते, त्यामुळे डेटा पॅक संपत नाही. शेवटी ‘इम्युलेशनस्टेशन’ रीस्टार्ट करा. त्याशिवाय गेम यादीत येत नाही.

हे विसरू नका
- सुरुवातीचा पासवर्ड सगळ्यांना माहीत असतो, तो बदला.
- थेट स्विच बंद करू नका, मेनूतून शटडाउन करा. अचानक वीज गेल्यास मेमरी कार्ड बिघडून सेव्ह केलेले गेम जाऊ शकतात. त्यामुळे त्यांची प्रत लॅपटॉपवर ठेवा.
- गेम जुना म्हणजे फुकट नव्हे. १९५७ चा कॉपीराइट कायदा त्यालाही लागू होतो. निर्मात्यांनीच मोफत दिलेले ‘होमब्रू’ गेम निर्धास्त खेळा.