रक्तदाब व रक्तप्रवाह

रक्तवाहिन्यांतून वाहताना रक्त त्यांच्या भित्तिकांवर जो दाब टाकते, त्यास रक्तदाब असे म्हणतात. ठरावीक वेळात एखाद्या वाहिनीतून वा अवयवातून जेवढे रक्त जाते, तो रक्तप्रवाह होय. या दोन राशी परस्परांशी निगडित आहेत, पण एक नव्हेत. दाब वाढला म्हणजे अवयवांना अधिक रक्त मिळते, असे नाही.

प्रवाह व विरोध

रक्त जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहते. विश्रांत अवस्थेत प्रौढ व्यक्तीचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त महाधमनीत ढकलते. तेथील सरासरी दाब पाऱ्याच्या सुमारे ९५ मिलिमीटर उंचीइतका असतो. केशिकांच्या आरंभी तो सुमारे ३५ मिलिमीटरपर्यंत उतरतो आणि उजव्या अलिंदापाशी शून्याजवळ येतो. यांतील सर्वांत मोठी घट धमनिकांमध्ये, म्हणजे केशिकांच्या अलीकडील बारीक धमन्यांमध्ये होते.

अरुंद नळीतून होणारा संथ प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो, हा नियम फ्रेंच वैज्ञानिक पॉइझय यांच्या नावाने ओळखला जातो. दाबातील फरक तोच राहून त्रिज्या निम्मी झाली, तर प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. रक्तास हा नियम ढोबळमानाने लागू पडतो. धमनिकांच्या भित्तिकांतील स्नायू किंचित आकुंचन पावले तरी त्या अवयवाचा रक्तपुरवठा बराच घटतो. शरीरभरातील धमनिका आकुंचित राहिल्यास तेवढेच रक्त पुढे ढकलण्यासाठी हृदयास अधिक दाब निर्माण करावा लागतो.

मापन

स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या धमनीस काचेची उभी नळी जोडली असता तीत रक्त ८ फुटांहून अधिक चढले. हा प्रयोग त्यांनी १७३३ साली प्रसिद्ध केला. दंडाला हवेचा पट्टा बांधून दाब मोजण्याची रीत रिवा-रोची यांनी १८९६ साली मांडली. पट्ट्यातील हवा हळूहळू सोडताना धमनीवर ठोके प्रथम ऐकू येतात तो आकुंचनकालीन दाब व ते नाहीसे होतात तो प्रसरणकालीन दाब, ही पद्धत कोरोत्कोव्ह यांनी १९०५ साली सांगितली. १२०/८० या नोंदीतील दोन आकडे अनुक्रमे हेच दाब दर्शवितात.

नियंत्रण

माणूस उभा राहताच रक्त पायांकडे साचू लागते व दाब क्षणभर उतरतो. मानेतील धमन्यांत व महाधमनीच्या कमानीत असलेले दाबसंवेदक ही घट मेंदूच्या लंबमज्जेस कळवितात. त्यामुळे हृदयाचे ठोके वाढतात आणि धमनिका आकुंचन पावतात. दीर्घकालीन नियंत्रणात मूत्रपिंडांचा वाटा मोठा असतो. शरीरातील मीठ व पाणी यांचे प्रमाण ती राखतात.

उच्च रक्तदाब

दवाखान्यात वेगवेगळ्या वेळी केलेल्या मापनांत दाब १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळल्यास त्यास सामान्यतः उच्च रक्तदाब म्हणतात. त्यामुळे डावे निलय जाड होते आणि मेंदू, डोळे व मूत्रपिंडे यांतील सूक्ष्म वाहिन्यांना इजा पोहोचते. बहुतेकांना अनेक वर्षे कोणतेही लक्षण जाणवत नाही. त्यामुळे डोकेदुखी वा चक्कर नाही, एवढ्यावरून दाब योग्य आहे असे ठरविता येत नाही. तो मोजूनच कळतो.