घुबडाच्या कानाशी महामार्ग

गव्हाणी घुबडाची शिकार मुख्यतः कानांवर चालते. बदामी आकाराच्या पांढऱ्या चेहऱ्यावरची ताठ पिसं आवाज गोळा करून कानांकडे वळवतात. ते कान एका पातळीत नसतात. डाव्याचं छिद्र जरा वर, उजव्याचं खाली. आवाज आधी कुठल्या कानात पोचला यावरून घुबडाला डावी-उजवी बाजू कळते, आणि कुठल्या कानात मोठा ऐकू आला यावरून तो वरून आला की खालून. एवढ्यावर ते मिट्ट काळोखात गवतातला उंदीर अचूक उचलतं.

इंग्लंडच्या नांगरलेल्या शिवारात असं दाट, न कापलेलं गवत महामार्गाच्या कडेला हमखास उरतं. तिथे उंदीर माजतात आणि त्यांच्यामागे घुबडं येतात. शिकार शोधताना गव्हाणी घुबड जमिनीपासून दोन-तीन मीटरांवर, संथ उडतं. नेमकी ट्रकची उंची! पंख पसरले की हा पक्षी जवळजवळ मीटरभर रुंद, पण वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. भरधाव ट्रकच्या वाऱ्याच्या झोतानेही तो भेलकांडतो. अमेरिकेत दक्षिण आयडाहोतल्या इंटरस्टेट 84 महामार्गावर अशी घुबडं फार मोठ्या संख्येने मेलेली आढळली आहेत.

मेलेलं घुबड निदान दिसतं. मला जास्त काळजी वाटते ती उपाशी घुबडांची. जपानात लांब कानांच्या आणि आखूड कानांच्या घुबडांना उंदराच्या खसखशीसारखा आवाज ऐकवून पाहिला, सोबत वाहनांचा गोंगाट. 2016 साली निष्कर्ष आले: गोंगाट वाढला तशी भक्ष्य हेरण्याची क्षमता घटत गेली, आणि रस्त्याचा हा परिणाम 120 मीटरांपलीकडेही पोचतो. म्हणजे जे रान आपल्याला मोकळं दिसतं, त्यातली एक रुंद पट्टी घुबडासाठी बहिरी झालेली असते.

ब्रिटनमध्ये सुचवलेला एक उपाय साधा आहे: कडेला तीनेक मीटर उंच, दाट कुंपण किंवा झाडोरा. त्यावरून जायला घुबडाला उंच उडावं लागतं आणि वाहनं खाली राहतात. गोंगाटाला मात्र वेग कमी करणं हाच खरा उतारा.

गव्हाणी घुबड आपल्या महाराष्ट्रातही गावोगावी आहे. रात्री गवताळ कडांच्या रस्त्यावर गाडी सावकाश चालवा. जखमी घुबड दिसलं तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर लगेच कळवा.